क्वालालंपूरच्या मनोऱ्यावर घेतलेलं माप

मुलुंड, निघण्याआधी

रविवार, १२ जानेवारी, सकाळी साडेदहा. रक्कम एक्कावन्न हजार रुपये, चेकने. हजर तिघं: मी, बाळा सावंत आणि त्याची बायको रजनी. माझी बायको सुनंदा हजर नव्हती. ती शिक्षिका आहे, त्या दिवशी शाळेच्या प्रशिक्षणाला भांडुपला गेली होती. नेमका तोच दिवस सावंताने निवडला असं मी म्हणणार नाही, कारण दिवस मी निवडला होता.

चेक कशाचा ते आधी सांगतो. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, चाळीस बिऱ्हाडांची सोसायटी होती. ती आता पाडली आहे आणि तिच्या जागी चौतीस मजल्यांची इमारत उभी राहते आहे. तोवर आम्ही सगळे आसपास भाड्याने राहतो. नव्या इमारतीत कोणाला कितवा मजला, हे डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरलं. आम्हाला एकतिसावा आला, सावंताला सातवा. अदलाबदल करायची तर दोन्ही घरांच्या सगळ्या मालकांच्या सह्यांचं पत्र २८ फेब्रुवारीपर्यंत कमिटीला द्यायचं होतं. आमचं घर दोघांच्या नावावर आहे.

सावंत मूळचा मालवणजवळचा. एकतिसाव्यावरून ठाण्याची खाडी दिसणार, म्हणून त्याला तो मजला हवा होता. सातव्यावरून काय दिसणार, तो म्हणायचा, समोरच्याची वाळत घातलेली चड्डी. वरच्या मजल्याचे तो आठ लाख द्यायला तयार होता. एक्कावन्न हजार हा बयाणा.

आणि सुनंदाला उंचीची भीती आहे. जुन्या इमारतीच्या गच्चीवर ती एकोणीस वर्षांत दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी राहिली. आमचे पापड तळमजल्यावरच्या शहांच्या ओट्यावर वाळायचे. एकतिसाव्याची चिठ्ठी निघाली तेव्हा ती फक्त 'बघू' म्हणाली. त्या 'बघू'चा अर्थ मी 'नको' असा लावला. आठ लाखांचा मोह नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल.

पण सही तिची लागणार होती. विषय काढायचा कसा, ते मला सुचेना. तेव्हा सावंताने तोडगा काढला. तिला एकदा भरपूर उंचावर घेऊन जा, ती आपणहून म्हणेल, मला नको एकतिसावा. मग तू काही ठरवलंस असं होतच नाही. १६ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. क्वालालंपूरला मोठा मनोरा आहे, तिथे जायला आपल्या लोकांना सध्या व्हिसा लागत नाही, आणि चौघं मिळून गेलो तर टॅक्सीचा खर्च निम्मा. मी सुनंदाला सांगितलं की पंचविसाव्या वाढदिवसाला परदेश दाखवतो. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या शाळेला सांगितलं. त्यानंतर खरं सांगायची सोय उरली नाही.

ब्रिकफील्ड्स, १४ आणि १५ फेब्रुवारी

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाच तास बसलो आणि उतरल्यावर घड्याळ अडीच तास पुढे केलं.

ब्रिकफील्ड्स हा क्वालालंपूरच्या मोठ्या स्टेशनाशेजारचा भाग. तिथे तमिळ लोकांची वस्ती दाट आहे. फुलांच्या हारांची दुकानं, साड्यांची दुकानं, पायऱ्या-पायऱ्यांचे फूटपाथ. आपल्याकडच्या कुठल्याही स्टेशनाबाहेरचा रस्ता घ्यावा, धुवावा, आणि त्यावरचे हॉर्न काढून घ्यावेत, म्हणजे ब्रिकफील्ड्स होईल. मी मोजून पाहिलं: हॉटेलपासून स्टेशनापर्यंत चालत अकरा मिनिटं, त्यात हॉर्न तीन.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये मी अडकलो, म्हणजे लिफ्ट चालू होती, मीच अडकलो. तिसऱ्या मजल्यानंतर बटण होतं '३ए', मग एकदम पाच. तेरानंतर '१३ए', मग पंधरा. काउंटरवरच्या तमिळ बाईंनी समजावलं की इथल्या चिनी लोकांना चार हा आकडा अशुभ वाटतो, म्हणून इमारतींना चौथा मजला नसतो, चौदावाही नसतो. म्हणजे मी मुद्दाम उंचावरची मागून घेतलेली १३एवरची खोली खरं तर चौदाव्यावर होती. मी एका औषध कंपनीच्या गोदामात स्टॉक मोजतो. माल आहे पण आकडा नाही, असा प्रकार माझ्या पचनी पडायला एक रात्र गेली. सावंताला मात्र हे फार आवडलं. म्हणाला, "आपल्याकडे घराला दिशा लागते, हेंका आकडो लागता. बिल्डर सगळीकडे सुखी."

सुनंदाने खोलीत शिरताच पडदा ओढून घेतला आणि आपली बाजू दाराकडची केली. मी खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं: १४वा मजला, पडदा बंद. ती वही तिने पाहिली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

जेवणाचं मात्र उत्तम जमलं. केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, रस्सम, वर पापड, आणि भात संपला की न विचारता परत भात. सावंताने तळलेला बांगडा मागवला, उलटसुलट करून पाहिला आणि 'ताजो आसा' असा निकाल दिला. जेवण झाल्यावर त्याने पान पलीकडच्या बाजूला दुमडलं. लगेच मालक स्वतः टेबलाशी आला आणि काय चुकलं ते विचारू लागला. तिथे जेवण आवडलं तर पान आपल्याकडे दुमडायचं असतं. पलीकडे दुमडलं की गिऱ्हाईक नाराज. सावंताने पान उलगडून पुन्हा स्वतःकडे दुमडलं, त्यात उरलेलं रस्सम त्याच्या पॅंटवर आलं, आणि मालकाचं समाधान झालं.

सकाळच्या नाश्त्याला नारळाच्या दुधात शिजवलेला भात मिळतो. त्याच्यासोबत शेंगदाणे, काकडी, तिखट चटणी आणि कुरकुरीत तळलेली बारीक सुकी मासळी. सावंताला ती आवडली नाही. ताजं मिळत असताना सुकं का खायचं, असं त्याचं म्हणणं. सुनंदा मात्र खुलली. ती वाशिमकडची, मी जालन्याचा. आमच्या गावांपासून समुद्र कोसो दूर, त्यामुळे ताजा मासा आम्हाला मुंबईत आल्यावर कळला, पण सुकट लहानपणापासूनची. बाजाराच्या दिवशी आई सुकट आणायची आणि घरभर वास सुटायचा, हे तिने रजनीला तपशीलवार सांगितलं. रजनीने स्वतःच्या ताटातली मासळीही तिच्या ताटात सरकवली. त्या दोन दिवसांत सुनंदा जितकी हसली तितकी मी तिला बऱ्याच दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सकाळ

हॉटेलपासून जवळच सिंहली लोकांनी बांधलेलं जुनं बुद्धविहार आहे. वाढदिवसाची सुरुवात तिथे करायची हे सुनंदाने मुंबईहूनच ठरवलं होतं. ती पांढरी साडी नेसली. रविवार असल्यामुळे तिथे सिंहली आणि चिनी कुटुंबं आली होती, बहुतेक पांढऱ्याच कपड्यांत. आपल्याकडे वंदनेला माइक असतो, आणि माइक असला की सूचना असतात. इथे माइक नव्हता. चटईवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सिंहली बाईंना आपली भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. पण त्रिशरण सुरू झालं आणि पाली शब्द तेच निघाले. फक्त चाल लांबलेली. सुनंदाने दोन ओळींत ती चाल पकडली आणि त्यांच्या बरोबरीने पंचशील पूर्ण म्हटलं. म्हाताऱ्या बाईंनी तिच्या हातावर थोपटलं आणि एक कमळाचं फूल दिलं.

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. मीही ते मोठ्याने म्हटलं. सावंत आणि रजनी मागे हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर सावंत मला हळूच म्हणाला, "रमेश, सांगून टाकूया का रे वहिनीला?" मी म्हटलं, आज वाढदिवस आहे, उद्या बघू. म्हणजे 'बघू' मीही म्हटलं.

टेकडीवर, दुपार

मनोरा शहराच्या मधोमध एका जंगलाच्या टेकडीवर आहे. एकूण उंची चारशे एकवीस मीटर. पायथ्यापासून वर जायला गाडी मिळते, पण आम्ही चाललो आणि चौघांचेही शर्ट-पोलके पाठीला चिकटले. तिथली हवा आपल्या ऑक्टोबरसारखी, फक्त बाराही महिने.

वर पोचल्यावर मनोऱ्याच्या बुडाशी एक प्रचंड जुना वृक्ष दिसला. शंभराहून जास्त वर्षांचा आहे म्हणतात. मनोरा बांधताना त्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती वेगळी भिंत घातली, असं तिथल्या पाटीवर लिहिलं होतं. सुनंदा त्याच्या सावलीत बराच वेळ थांबली. आमच्या आवारातला बदाम पहिल्याच दिवशी तोडला होता, तेव्हा ती शाळेतून येईपर्यंत फांद्याही ट्रकमध्ये भरून झाल्या होत्या. "ह्यांना जमतं, आपल्याला का जमत नाही?" ती म्हणाली. सावंत म्हणाला की ह्यांनी पंचवीस मजले पार्किंगला दिले नाहीत. आमच्या इमारतीत पार्किंग पाचच मजल्यांचं आहे, पण मी आकडा दुरुस्त केला नाही.

तिकिटं उघड्या गच्चीपर्यंतची घेतली, चौघांचे रुपयांत नऊ हजारांच्या थोडे वर. तिथलं चलन रिंगिट, ते मी साडेवीस रुपयांनी घेतलं होतं.

दोनशे शहात्तर मीटर

लिफ्टला एक मिनिटही लागत नाही. सुनंदाने डोळे मिटून रजनीचं मनगट धरलं होतं. रजनीच्या बांगडीचा वळ नंतर दोघींच्या हातावर दिसत होता. दार उघडलं. गोल मजला, सगळीकडे बाहेर झुकलेल्या मोठ्या काचा, आणि काचांच्या आत कमरेएवढा भक्कम कठडा. उंची दोनशे शहात्तर मीटर. मजल्याला तीन मीटर धरले तर हा ब्याण्णवावा मजला. म्हणजे आमच्या एकतिसाव्याच्या जवळजवळ तिप्पट.

सुनंदा लिफ्टला लागून असलेल्या मधल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चेहरा उतरलेला. सावंत दुर्बिणीला डोळा लावून जुळे मनोरे पाहत होता. मी मध्ये उभा होतो, आणि वही खिशात असूनही मला लिहायचं सुचलं नाही. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

रजनी मनाने फार चांगली आहे. तिला वाटलं होतं की एव्हाना मी सुनंदाशी बोललो असणार. तिने सुनंदाच्या पाठीवर हात ठेवला.

"बस गो इथेच. तुला कुठे आता एकतिसाव्यावर राहायचं आहे? सातव्यावर काही वाटणार नाही बघ."

सुनंदाने डोळे उघडले. "सातव्यावर कोण राहणार?"

रजनीने माझ्याकडे पाहिलं. सावंताने दुर्बीण सोडली नाही, पण तो आता काही पाहत नव्हता.

"किती ठरले?" सुनंदाने मला विचारलं.

"आठ लाख. बयाणा घेतलाय. एक्कावन्न हजार."

"कधी?"

"तू भांडुपला गेली होतीस तेव्हा."

"आणि ही ट्रिप?"

मी लग्नाच्या पंचवीस वर्षांबद्दल काहीतरी बोलायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो.

"म्हणजे माझी परीक्षा होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अहो, मी चौथीतल्या पोरांनासुद्धा आठ दिवस आधी सांगते, कोणत्या धड्यावर पेपर आहे. तुम्ही मला साडी नेसवून आणलंत."

ती तिथल्या बाकावर जाऊन बसली. दहा मिनिटं बसली असेल. तिच्या मांडीवर ते कमळ होतं. आमच्यासमोरून एक चिनी कुटुंब फोटो काढत दोनदा गेलं. सावंत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, चूक माझी. मीच ह्या मेल्याच्या डोक्यात घातलं. चला, खाली जाऊया."

"तुम्हाला खाडी बघायची होती, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "ह्यांना मला विचारता येत होतं. तिकीट कुठपर्यंतचं आहे?"

"गच्चीपर्यंतचं."

"मग गच्चीपर्यंत जायचं. पैसे काही फुकटचे नाहीत."

ती उठली आणि भिंत सोडून काचेकडे चालू लागली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. पावलं लहान होती, पण थांबली नाहीत. कठड्यापाशी पोचल्यावर तिने दोन्ही हात वर ठेवले आणि पोट कठड्याला टेकवलं. आम्ही तिघं मागे उभे. ती खाली पाहत होती. मग लांब पाहू लागली.

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, स्वतःलाच सांगितलं.

डोंगरांकडून पाऊस येत होता. शहराच्या एका टोकावर राखाडी पडदा आणि अलीकडे लखलखीत ऊन. तो पडदा एकेक इमारत झाकत पुढे सरकत होता. सुनंदा त्याच्याकडे किती तरी वेळ पाहत राहिली आणि घड्याळातही पाहिलं. "त्या पिवळ्या इमारतीपासून इथवर यायला त्याला नऊ मिनिटं लागतील," ती म्हणाली. "एवढ्यात दोरीवरचे सगळे कपडे काढून होतात."

गच्ची आणि काच

पाऊस यायच्या आत आम्ही वरच्या उघड्या गच्चीवर गेलो. तिथे वारा, आणि कडेला जमिनीपर्यंत काच. एका कोपऱ्यात काचेचीच खोली बाहेर काढलेली आहे, पायाखालीही काच. लोक रांग लावून तिच्यात जाऊन झोपतात आणि फोटो काढतात. सुनंदाने दार ओलांडलं, तीन पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. मी धावलो. ह्या वेळी तिने माझा हात घट्ट धरला, नखं रुतली. बसल्या बसल्याच ती मागे सरकत दारापर्यंत गेली. पांढरी साडी खराब झाली, त्याचं तिला काही नव्हतं.

आत येऊन पाणी प्यायल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "टेप द्या."

गोदामाच्या सवयीने माझ्या किल्ल्यांना तीन मीटरची छोटी टेप असते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही होती. मी ती काढून दिली. आम्ही पुन्हा खालच्या मजल्यावर आलो. ती कठड्यापाशी गेली, टेपचं टोक जमिनीला लावलं, पण ते सारखं निसटत होतं. तेवढ्यात तिथली सुरक्षारक्षक मुलगी आली. डोक्याला स्कार्फ, पंचविशीची असेल. तिने विचारलं, हे काय चाललंय. मी घाबरलो, वाटलं, आता दंड. सुनंदाने आपल्या इंग्रजीत सांगितलं की तिला एकतिसाव्या मजल्यावर घर मिळतंय, तिला उंचीची भीती वाटते, पण ह्या भिंतीमागे वाटत नाही, म्हणून ती भिंत मोजते आहे.

त्या मुलीने ऐकून घेतलं. मग ती खाली वाकली आणि टेपचं टोक धरून ठेवलं. म्हणाली की तिची आई सतराव्यावर राहते आणि काचेसमोर कपाट लावून ठेवलंय, अकरा वर्षं झाली, कपाटामागे काय दिसतं ते आईला माहीत नाही.

"अठ्ठ्याण्णव," सुनंदाने वाचलं. "लिहा. तुमच्या त्या वहीत."

मी लिहिलं. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, भरीव. वहीचं तिला आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग पाऊस आला आणि मनोऱ्याला ढगाने गिळलं. काचेबाहेर नुसतं पांढरं. विजांमुळे वरची गच्ची बंद झाली. तिकिटाचे पैसे परत नाहीत, अशी सूचना चार भाषांत लागली. सावंत म्हणाला, "रमेश, वाढदिवसाची वाट लागली, पण माप झकास मिळालं." त्यावर पहिल्यांदा सुनंदा हसली, माझ्याकडे न पाहता.

१७ फेब्रुवारी

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती रजनीशी बोलली, सावंताशी बोलली, फळं विकणाऱ्या बाईशी बोलली. माझ्याशी फक्त कामापुरतं: किल्ली कुठे आहे, पासपोर्ट कोणाकडे आहेत. दुपारी आम्ही चौघं तिथल्या ओढून ओढून उंचावरून ओतलेल्या चहाला बसलो. चहावाल्याचा हात दोन फूट वर जात होता आणि थेंब सांडत नव्हता. तो चहा पिता पिता तिने मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"आठ लाख मला नकोत असं नाही. तुम्ही त्या दिवशी मला विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. मला तेव्हा खरंच भीती वाटत होती. आता सातवा मजला मला तुमच्या हातून मिळणार असेल तर नको."

मी माफी मागितली. सावंतासमोर मागितली, कारण चूकही त्याच्यासमोर केली होती. सावंत खिडकीतून बाहेर पाहत राहिला आणि रजनीने त्याच्या पायावर पाय दिला असावा, कारण तो म्हणाला की बयाणा परत करायची घाई नाही. सुनंदा म्हणाली, घाई आहे.

परत येताना विमानात तिने खिडकीजवळची जागा घेतली. खिडकीखाली भक्कम भिंत असते, असं तिने मला समजावलं.

मुलुंड, परत आल्यावर

घरी पोचलो त्या दिवशीच सुनंदाने एक्कावन्न हजारांचा चेक लिहिला आणि मी तो सावंताला नेऊन दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला की खाडीचं भाडं म्हणून तो महिन्यातून एका रविवारी आमच्या गॅलरीत येऊन बसेल; मासे तो आणेल, तळायचे आम्ही. मी कबूल झालो. सुनंदाला विचारून मग कबूल झालो.

रविवारी, २३ फेब्रुवारीला सोसायटीची खास सभा होती. आर्किटेक्ट आला होता, पडद्यावर नव्या इमारतीची चित्रं दाखवत होता. गॅलरीला जमिनीपर्यंत काच. टाळ्या पडल्या. प्रश्न आहेत का, असं अध्यक्षांनी विचारल्यावर सुनंदा उठली. इतक्या वर्षांत तिने सोसायटीच्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली की तिला काचेची भीती वाटते, उंचीची नाही; हे तिला स्वतःला आठवड्यापूर्वी कळलं. आणखी कोणाला वाटत असेल तर हात वर करा. मग जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, आता सव्विसावा मिळालेल्या शहाकाकांनी हात वर केला. ऐंशी वर्षांचा माणूस. त्यांच्यामागे एकेक करून तेरा हात झाले, मी मोजले. त्यात सोसायटीचा सेक्रेटरीही होता, ज्याने काचेची शिफारस केली होती.

आर्किटेक्ट म्हणाला की इमारतीचा चेहरा बदलेल. सुनंदा म्हणाली की चेहरा रस्त्यावरच्यांना दिसतो, आत आम्हाला राहायचं आहे. तिने माप दिलं: अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरीव भिंत, वर स्टीलची एक नळी. सगळ्या गॅलऱ्या सारख्याच हव्यात, म्हणून मत घेतलं. भिंतीच्या बाजूने सत्तावीस, विरोधात नऊ, चार गप्प. सावंताने हात दोन्ही वर केले, पण त्याचं मत एकच मोजलं. बांधकामाच्या आणि टाइल्सच्या फरकापोटी प्रत्येक घराने सहा हजार दोनशे भरायचे ठरले.

गुरुवारी, २७ फेब्रुवारीला सुनंदाने शाळेतून परस्पर जाऊन स्वतःच्या खात्यातून ते सहा हजार दोनशे रुपये सोसायटीला चेकने भरले. पावती तिच्या नावाची आहे. तिने कारकुनाला पावतीवर भिंतीची उंची लिहायला सांगितली. पावतीवर उंची लिहायची पद्धत नाही, असं तो म्हणाला. ती समोरच्या खुर्चीवर बसली. वीस मिनिटांनी त्याने लिहून दिली.